सतराव्या पानावरच्या खुणा

भाईंदर पूर्वेला कुणी नवीन राहायला आलं की शेजारी त्याला आधी पाण्याची वेळ सांगतात आणि मग सांगतात, खारी गावात मोठं वाचनालय आहे, मुलांचं नाव घालून टाका. सांगताना आवाजात अभिमान असतो, जणू स्वतःच बांधलंय. लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, डॉक्टरच्या दवाखान्यात मी हे कितीतरी वेळा ऐकलंय. मी गप्प बसते. मी मुळात तोंडाची फटकळ. माझ्यासारखी बाई गप्प बसते म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे ओळखणारी माणसं आता माझ्या आसपास उरली नाहीत. ते वाचनालय दोघींनी सुरू केलं होतं. त्यातली एक मी.

दुसरी खारी गावातली. सगळं गाव तिला वहिनी म्हणायचं म्हणून मीही वहिनीच म्हणायला लागले. आमची ओळख झाली रेशनच्या रांगेत. मी लग्न करून राजापूरकडून भाईंदरच्या नवघरला आले, तेव्हा एका खोलीच्या संसारात मला वाचण्याचं तेवढं वेड होतं. स्टेशनजवळ एक वाचनालय होतं तेही बंद पडलं आणि त्या गाळ्यात मोबाइलचं दुकान आलं. मग रद्दीतून मिळेल ते आणायचं आणि मिळेल तिथे वाचायचं. त्या दिवशी रांगेत उभी राहून मी कादंबरी वाचत होते. मागच्या बाईने खांद्यावरून डोकावून विचारलं, काय लिहिलंय त्यात एवढं? मी गोष्ट सांगायला लागले. गोष्ट अर्ध्यावर आली आणि माझा नंबर लागला. मी तांदूळ घेऊन घरी निघाले, तर ही बाई माझ्यामागून थेट आमच्या बिल्डिंगपर्यंत आली. म्हणाली, त्या पोरीचं पुढे काय झालं ते सांगितल्याशिवाय मी काही जाणार न्हाय.

ती चौथीपर्यंत शिकलेली. पुढे मेथी-पालकाच्या जुड्या बांधण्यात आणि मिठागरावरच्या माणसांची भाकर पोचवण्यात ती वाचणं पार विसरून गेली होती. मी तिला पुस्तक दिलं. ती अक्षरांवरून बोट फिरवत, ओठ हलवत वाचायची. महिनाभरात अहो-जाहो गळून पडलं. ती मला बाय म्हणायची, मी तिला वहिनी आणि तू. माझ्या सख्ख्या बहिणीशी मी जे बोलले नाही ते वहिनीशी बोलले आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की दोन बायांचं संस्थेच्या खुर्चीवरून वाजलं. आमच्यात खुर्ची नव्हतीच कधी.

वाचनालय सुरू झालं ते तिच्या घराच्या ओटीवर. तिथे भात ठेवायची एक जुनी लाकडी पेटी होती. शेतीच गेली, भात कुठून येणार? वहिनीने पेटी झाडून पुसून घेतली आणि माझी पुस्तकं तिच्यात ठेवली. सुरुवातीला आम्ही दोघी, मग तिची जाऊ, मग आमच्या मजल्यावरची गुजराती शेजारीण. या शेजारणीचं मराठी भाजीवालीशी भांडण्यापुरतं होतं, ते आमच्या पुस्तकांतून एवढं सुधारलं की ती मलाच शुद्धलेखन शिकवायला लागली. संध्याकाळी ओटीवर पुस्तकं बदलायला बाया जमायच्या. येताना कुणी कांद्याची पात निवडायला आणायची, कुणी पोराला. माझी मुलगी त्या ओटीवरच रांगली आणि त्या पेटीला धरून उभी राहिली.

पुस्तकं यायची कुठून, तर पडणाऱ्या बिल्डिंगींतून. आमच्याकडे जुन्या चारमजली इमारती एकामागून एक पुनर्विकासाला निघत होत्या. माणसं भाड्याच्या घरात जाताना आधी काय टाकतात, तर पुस्तकं. मी दुपारी स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात हिशेब लिहायला जायचे. सुटले की वहिनी आणि मी पिशव्या घेऊन अशा इमारतींच्या जिन्यांत हिंडायचो. नया नगरचा एक रद्दीवाला आमचा चांगलाच ओळखीचा झाला होता. त्याच्या हाती मराठी पुस्तकं लागली की तो वेगळी ठेवायचा आणि फोन करायचा, मॅडम, आपका माल आया है. रद्दीच्या भावातच द्यायचा, वर एक रुपया घ्यायचा नाही.

आता त्या खुणांचं सांगते. वाचणारी बाई कामाच्या रगाड्यात काय वाचलं ते विसरते. पुस्तक घरी न्यायची, चार पानं वाचायची आणि कपाळाला हात लावायची, अगं बाई, हे तर वाचलंय. मग दुसऱ्या दिवशी ओटीवर कटकट. वहिनीने तोड काढली. पुस्तक वाचून झालं की प्रत्येकीने सतराव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने आपली खूण करायची. सतरावंच का, तर त्या काळात वहिनीचं एका बैठकीत तेवढंच वाचून व्हायचं. तिची खूण बांगडी, म्हणजे साधा गोल. माझी कैरी. शेजारणीचा साथिया, म्हणजे आपलं स्वस्तिक. एक नर्स होती, तिने अर्थातच फुली घेतली. पुस्तक हातात आलं की पहिल्यांदा सतरावं पान उघडायचं. आपली खूण असली तर परत ठेवायचं.

पण बायांच्या हातात पेन्सिल दिली की गोष्ट तेवढ्यावर थांबते होय? हळूहळू त्या खुणा बोलायला लागल्या. पुस्तक अर्धवट सोडलं तर खूण अर्धीच काढायची. रडू आलं तर खुणेखाली एक टिंब. दोनदा वाचलं तर खुणेला शेपटी. नवी बाई आली की ती मुखपृष्ठ पाहायची नाही, सतरावं पान पाहायची. तिथे गर्दी असली की पुस्तक चांगलं. नर्सच्या फुलीखाली टिंब दिसलं की सगळ्या तुटून पडायच्या, कारण ती बाई सहसा रडणारी नव्हती. एकदा माझ्या मुलीने, तेव्हा ती दुसरीत असेल, पेटीतल्या सगळ्या पुस्तकांवर पतंग काढून ठेवले. वहिनीने तिचा कान धरून बजावलं, वाचल्याबिगर खून करायची न्हाय. पोरीने पुढे एकेक पुस्तक वाचून ते पतंग खरे केले.

माझ्या लेखी ते सतरावं पान म्हणजे आमचं वाचनालय. पुस्तकं काय, कुठेही मिळतात.

वाचनालय वाढत गेलं तसं ओटी पुरेना. मग समाजमंदिराची एक खोली मिळाली, मग आमच्या सोसायटीचा तळमजला. संस्थेची नोंदणी झाली. वहिनी अध्यक्ष, कारण गावात तिच्या शब्दाला वजन, आणि मी चिटणीस, कारण पत्रं लिहायला कुणीतरी पाहिजेच. पुरुष वाचक आले, मासिकं आली. आणि मग यायला लागली अभ्यासाची मुलं. आमच्याकडे घरं कशी, एका खोलीत पाच माणसं आणि सहावा टीव्ही. मुलं जिन्यात बसून अभ्यास करायची. पुस्तकं नकोत, नुसती बसायला जागा द्या म्हणायची. वहिनी त्यांना बसवायची, चहा द्यायची, कुणी मोबाइलवर खिदळायला लागलं तर उठवायची. मला त्या मुलांचं वावडं कधीच नव्हतं. माझीच मुलगी पुढे त्यांच्यात बसायला लागली. सरकारी नोकरीच्या परीक्षा देतेय ती. एका मार्काने हुकली की आमच्या घरात दोन दिवस कुणी धड जेवत नाही.

मग वहिनीचं जुनं घरच पुनर्विकासाला निघालं. घर, मागची वाडी, सगळं भावकीचं. नव्या इमारतीत प्रत्येकाच्या वाट्याला फ्लॅट येणार होते. वहिनीने आपल्या वाट्याचा एकच ठेवला आणि बाकीच्याच्या बदल्यात खालचे दोन मजले वाचनालयाला मागून घेतले. तिचा दीर तिला वेडी म्हणाला. जाऊ महिनाभर बोलत नव्हती. हे मी लपवणार नाही. त्या बाईने जे दिलं ते मी दिलं नसतं, आणि मोठमोठ्या गोष्टी करणाऱ्या कुणीच दिलं नसतं. तिने मला बातमी सांगितली तेव्हा मी तिच्या गळ्यात पडून रडले होते.

इमारतीचा स्लॅब पडल्यावर एक दिवस ती मला आत घेऊन गेली. नुसतं काँक्रीट, वर लोंबणाऱ्या वायरी. ती विटेचा तुकडा घेऊन खाली बसली आणि जमिनीवर रेघा मारायला लागली. इथे मुलं बसणार, इथे पेपर, इथे टेबल. मी विचारलं, आणि आपली जुनी पुस्तकं? ती सगळी मिळून एका मोठ्या कपाटात मावली असती. तिने दाराजवळच्या भिंतीला लागून लांबलचक चौकोन काढला. म्हणाली, हितं. आत येनाऱ्याला पैलं तेच दिसलं पायजे. मी त्या चौकोनात उभी राहून पाहिलं. बाकी काहीही कुठेही ठेवा, मला कशाचंच काही पडलेलं नव्हतं. ते एक कपाट तिथे लागावं एवढंच मला हवं होतं, आणि ते मला न भांडता मिळालं होतं.

इमारत पुरी होत आली तेव्हा वहिनी म्हणाली, पुस्तकांना कसर लागलीय, नव्या जागेत अशी नेली तर नवी पुस्तकंही खराब होतील. वसईला एक बायंडिंगवाला आहे, तो धुरी देतो, शिवण घालतो, पुठ्ठे चढवतो. सगळी एकदमच पाठवू. मला पटलं. कसर खरंच लागली होती. मी फक्त एवढंच म्हटलं की त्याला नीट सांग, पानं कापताना सतराव्या पानाचा खालचा कोपरा जाता कामा नये. वहिनी हो म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली, पण पाठीमागे फिरून ती सुतळी शोधत होती, म्हणून मला काही वाटलं नाही.

पुस्तकं बांधायला रविवारी सगळ्या जमलो. मी सोसायटीच्या कडुलिंबाचा पाला आदल्या आठवड्यात तोडून गच्चीवर वाळवला होता. पुस्तकांच्या प्रत्येक थरामध्ये तो घालायचा, म्हणजे वाटेत कसर वाढणार नाही. मुलगी पोत्याचं तोंड धरून उभी होती आणि मी थर लावत होते, पुस्तकं, पाला, पुस्तकं, पाला. बाकीच्या मदत करत होत्या, पण बोलत कुणीच नव्हतं. नर्स एक पुस्तक उघडायची, सतरावं पान बघायची, मिटायची. शेजारणीने तर दोनदा डोळे पुसले. मी म्हटलं, अगं, कुणाच्या तेराव्याला बसल्यासारख्या काय बसलात? बायंडिंगला चाललीत, सासरी नाही. त्यावर सगळ्या हसल्या, पण उगाच हसल्यासारख्या. मला वाटलं जुनी जागा सुटतेय, म्हणून जड झालंय. टेम्पो आला, पोती चढली. मी ड्रायव्हरला सांगितलं, भाई, संभालके ले जाना. तो हो म्हणाला.

उद्घाटन थाटात झालं. गावातले, संस्थेतले, पाहुणे, फुलं, पेढे. दोन्ही मजल्यांवर पांढरेशुभ्र दिवे, ओळीने टेबलं, प्रत्येक टेबलाला चार्जिंगची सोय. नव्या पुस्तकांची काचेची कपाटं वरच्या मजल्यावर. दाराजवळच्या भिंतीला टेबलांची आणखी एक ओळ होती. मी वहिनीला विचारलं, ही उचलणार ना? ती म्हणाली, बायंडिंगवाल्याला वेळ लागतोय, आली पुस्तकं की बघू. पाहुण्यांसमोर कुठे तमाशा करायचा म्हणून मी थांबले. मी भाषणातसुद्धा सांगितलं की आमची जुनी पुस्तकं नवे कपडे घालून लवकरच येतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या बायांनीही वाजवल्या.

त्यानंतर मी विचारत राहिले आणि वहिनी कारणं देत राहिली. बायंडिंगवाल्याची आई गेली. मशीन बिघडलं. पुठ्ठा मिळत नाही. मी विश्वास ठेवला. का ठेवू नये? या बाईने मला कधी साधी भाजीसुद्धा शिळी दिली नव्हती. उलट कुठे कुणी बाई भेटली की मीच तिला धीर द्यायचे, येतील गं, जरा कळ काढ. ती हो हो म्हणायची आणि तिला एकदम काहीतरी काम आठवायचं. मला वाटायचं, वाचनाची गोडीच कमी झाली लोकांची.

एकदा कामासाठी नया नगरला गेले होते, तर सहज रद्दीवाल्याकडे वळले. म्हटलं नवं कपाट लागणार आहे, आणखी काही मराठी पुस्तकं आली असली तर बघू. त्याने स्टूल पुढे केलं, चहा मागवला आणि म्हणाला, "मॅडम, अब क्या देखोगे आप? आपकी तो सारी किताबें मैंने ही ले ली थीं."

मी विचारलं, कुठली किताबें? तो म्हणाला, तीच, पाल्याची पोती. वहिनींनी टेम्पो त्याच्याकडेच पाठवला होता. त्याने तिला फोन करून विचारलं होतं, पक्का? ती म्हणाली होती, पक्का. कसर लागलेला माल दुकानात ठेवता येत नाही म्हणून त्याने तो तसाच पुढे लगद्याच्या कारखान्याला दिला होता. पाला कशाला घातला होता हे त्याला तेव्हापासून विचारायचं होतं. चहा आला तो प्यायले. त्या माणसाचा काहीच दोष नव्हता आणि त्याच्यासमोर मला रडायचं नव्हतं.

रिक्षाने थेट खारीला गेले. वहिनी आता वाचनालयाच्या वरच राहते. दार तिनेच उघडलं. माझं तोंड बघून तिला कळलं असणार, कारण ती बस म्हणाली नाही आणि पाणीही आणायला गेली नाही.

मी म्हटलं, "पुस्तकं रद्दीत घातलीत तुम्ही."

इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा तुम्ही म्हटलं. ती तेवढ्यानेच जरा मागे सरकली. पण नाकारलं नाही. म्हणाली, घातली. कसर होती, पानं गळत होती, शिसपेन्सिलीने चितारलेली. नवं कोणी हात लावत नव्हतं त्यांना. मी म्हटलं, एक कपाट मागितलं होतं मी, एकच. त्यावर ती म्हणाली, "येका कपाटाच्या जागंत पोरं बसतात, बाय. खाली जाऊन बग कोन कोन बसलंय. जिन्यात बसून शिकनारी पोरं हायत ती. तेंना जागा देऊ, का कसर लागलेल्या कागदाला?"

तिने आपलं घर दिलं होतं आणि मी कपाटासाठी भांडत होते. हिशेब मांडला तर तीच बरोबर निघत होती, आणि हिशेब तर माझा धंदा. पण माझं भांडण जागेचं नव्हतंच. पुस्तकं काढायची होती तर मला सांगायचं होतं. मी आकांडतांडव केलं असतं, चार दिवस जेवले नसते, आणि पाचव्या दिवशी एकेका बाईला बोलावून म्हटलं असतं, जा, आपापल्या खुणेची दोन-दोन पुस्तकं घरी घेऊन जा. हे तिला माहीत नव्हतं? मला माझ्याच हातांनी पाला घालून ती पोती भरायला लावली. केसाने गळा कापणं म्हणतात ते आणखी काय असतं?

मी एवढंच विचारलं, खोटं का बोललात?

"तुला सांगितलं आसतं तर तू होऊ दिलं आसतंस? न्हाय ना? तुज्या तोंडाला कोन लागनार?" मग तिचाही आवाज चढला. "आनि म्या येकलीनं न्हाय ठरवलं. सगल्यांना बोलवून इचारलं व्हतं. सगल्यांनी हात वर केलं."

सगळ्या म्हणजे कोण, मी विचारलं. तिने सांगितलं. पुस्तकं बांधण्याच्या आधीच्या एका शनिवारी दुपारी मी गाळ्यावर असताना बैठक घेतली होती. नर्स होती. माझी शेजारीण होती, जी रोज संध्याकाळी माझ्याकडे दही लावायला विरजण मागायला येते. जाऊ होती. सगळ्यांच्या घरी अभ्यासाची मुलं, नाहीतर नातवंडं. सगळ्यांना माहीत होतं. त्या रविवारी त्या डोळे पुसत होत्या त्या पुस्तकांसाठी, आणि माझ्यासमोर गप्प बसल्या होत्या त्या माझ्या तोंडाला भिऊन. मी त्यांना धीर देत फिरत होते आणि त्या मला हो हो म्हणत होत्या. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, त्यातलं ते आंधळं मी.

मी विचारलं, आणखी कोण होतं?

वहिनी खिडकीकडे गेली, पडदा सारखा केला. मी परत विचारलं. ती म्हणाली, "घरी इचार."

तरी मला कळलं नाही. जिना उतरताना वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, काचेच्या दारातून मुलं दिसली, माना खाली घालून बसलेली. त्यांच्यात माझी मुलगी होती. तेव्हा कळलं.

ती रात्री घरी आली तेव्हा तिच्या बाबांनी दार उघडलं आणि माझं बिनसलंय असं खुणेनेच तिला सांगून स्वतः खाली पान खायला निघून गेले. मी तिला जेवायला वाढलं. आमटीत भात कालवेपर्यंत थांबले आणि विचारलं, शनिवारच्या बैठकीला तू होतीस?

"होते."

"हात वर केलास?"

"केला, आई."

मग ती बोलायला लागली. म्हणाली, मी सांगणार होते तुला. वहिनींना मीच म्हटलं होतं, आईला मी हळूहळू सांगेन, तुम्ही नका सांगू. पण तू गच्चीवरून पाला घेऊन आलीस, चाळून, काड्या काढून, पिशवीत भरून. मग माझी हिंमतच झाली नाही. तू पोती भरत होतीस आणि मी तोंड धरून उभी होते आणि प्रत्येक थराला वाटत होतं, आता सांगावं. मी तिला म्हटलं, तुझे पतंग होते गं त्यांच्यात. ती म्हणाली, माहीत आहे. आणि पुढे म्हणाली, घरात मला जागा कुठे आहे, तूच सांग. बाबा माझ्यासाठी रोज बाहेर फिरत बसतात. तू आमटीला फोडणी देताना पळीचा आवाज होऊ नये म्हणून जपतेस. अशी किती वर्षं करणार तुम्ही?

त्या रात्री पहिल्यांदाच मी कुणाला काही लागट बोलले नाही. घरातल्यांना वाटलं असेल, चला, निवळलं.

निवळलं काही नाही. चिटणीसपद मी सोडलं. वहिनीकडे जात नाही. बाजारात समोर आली तर ती थांबते, मी थांबत नाही. शेजारणीला विरजण देते, कारण विरजणाला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही, पण दारातूनच देते. वाचनालय झोकात चाललंय. नायगाववरून, दहिसरवरून मुलं येतात. मागच्या वर्षी तिथल्या दोन मुली पोलीस भरतीत लागल्या, त्यांचे फोटो दाराजवळ लावलेत. गावात मिरवणूक काढली, वहिनीने त्यांना ओवाळलं. हे मला सगळं शेजारीण सांगते, मी विचारलं नाही तरी.

मुलीची मोठी परीक्षा आता तोंडावर आली आहे. सकाळी मी तिचा डबा भरते. तीन पोळ्या, भाजी, दुपारी झोप येऊ नये म्हणून भात मुद्दाम नाही. दारात ती सॅक खांद्याला लावत दरवेळी विचारते, येतेस का गं आज, नुसती बघायला? मी म्हणते, कामं आहेत. ती जाते, आणि मी खिडकीतून ती वळेपर्यंत बघते. मग देवापुढे निरांजन लावते आणि हात जोडते. ती पास व्हावी असं मला मनापासून वाटतं. तिथे बसून होऊ नये, असंही वाटतं. पोटच्या पोरीबद्दल असं वाटतं, आणि रोज हात जोडते तेव्हा त्यातलं नक्की काय मागतेय ते माझं मला कळत नाही.